पाच ताटं आणि एक पाकीट

मागच्या वेळी मी या पानावर सहज दोन ओळी लिहून गेले होते. मुलांना पैशांचा हिशेब शिकवायचा असेल, तर घरच्या एका जेवणाचा पूर्ण बेत त्यांना करू द्या, आणि पैसेही त्यांच्याच हातात द्या. त्या दोन ओळींवर इतकी पत्रं आली की या वेळी दुसरा विषय घ्यायला जागाच उरली नाही. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते, की मी शिक्षिका नाही आणि मुलांच्या मनाची तज्ज्ञ तर मुळीच नाही. एकोणीस वर्षं मी एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघराचे हिशेब लिहिले. माझी उत्तरं त्या वहीतून येतात.

ताई, नमस्कार. तुमचं वाचून मी दहा वर्षांच्या लेकीला सुट्टीच्या दिवशीचं रात्रीचं जेवण ठरवायला दिलं. घरात आम्ही पाच जण. पैसे मोजून पाकिटात घालून दिले. तिने जवळजवळ निम्मे पैसे आइसक्रीम आणि थंड पेयांत घातले. मग भाजी आणि अंडी घ्यायला पैसे पुरेनात. दुकानात अगदी रडकुंडीला आली, म्हणून मी पदरचे घालून तोंडमिळवणी केली. जेवण छान झालं. पुढच्या वेळी पुन्हा तेच. या खेपेला तर पाकीट संपल्यावर तिने माझ्याकडे न बघताच हात पुढे केला. आमच्या यांचं म्हणणं, मुलांच्या हातात पैसे द्यायचेच कशाला? माझं कुठे चुकलं?

दुकानातल्या त्या एका मिनिटात चुकलं. बाकी सगळं तुम्ही बरोबर केलंत, अगदी पाकिटासकट.

लेक शिकली नाही असं समजू नका. ती शिकली, आणि एका फटक्यात शिकली. पाकीट संपलं की आईची पर्स उघडते, हे तिने पाहिलं. हात पुढे करताना तिने तुमच्याकडे बघितलंही नाही, असं तुम्हीच लिहिलंय. नळ सोडताना आपण कुठे नळाकडे बघतो?

पदरचे घालताना तुमच्या मनात काय आलं असेल ते मला कळतं. जेवण बिघडू नये, पोर हिरमुसू नये. पण या सगळ्या खटाटोपात जेवण थोडं बिघडण्याची मुभा हवीच. एक रात्र ताटात एक पदार्थ कमी आला, तर कोणाचं काही अडत नाही. पुढे घरभाड्याचे पैसे तिने भलतीकडे खर्च केले, तर अडेल. स्वस्तातली चूक करायला जेवणासारखी दुसरी जागा नाही. सकाळी ठरवलं, दुपारी आणलं, रात्री ताटात दिसलं. महिन्याच्या खर्चाचा तक्ता मुलांना दाखवून बघा, पाचव्या ओळीला जांभई येते.

पैसे कमी पडतात असं दिसलं, की एकच प्रश्न विचारायचा, “यातलं काय परत ठेवायचं?” आणि गप्प उभं राहायचं. हे गप्प राहणंच फार जड जातं. मात्र हा प्रश्न काउंटरवर विचारू नका. मागे रांग, लोक बघताहेत आणि पोरगी हातातली बाटली परत ठेवतेय, हे नको. पैसे द्यायला जाण्याआधी बाजूला थांबून बेरीज करायची, हा नियम घरूनच ठरवून निघा. तुमच्या लेकीने थंड पेय परत ठेवलं असतं असं मला वाटतं. ठेवलं नसतं, तर त्या रात्री भाजीविना जेवला असतात आणि पुढच्या खेपेला तिने आपसूक भाजी आधी घेतली असती.

आता बेत कसा करायचा ते सांगते, कारण तुम्ही पाकीट दिलंत पण त्याआधीचं काहीच दिलं नाहीत.

सुरुवात पैशांपासून करायची नाही, डोक्यांपासून करायची. आज जेवायला किती? हे वाक्य मी फुकट शिकले नाही. कामाला लागले त्या वर्षीची गोष्ट. हजेरीवहीत १४० नावं होती, म्हणून मी १४० जणींचा तांदूळ मोजून दिला. तो शनिवार होता आणि तिसरा हिस्सा मुली दुपारीच घरी निघून गेल्या होत्या. रात्री दोन मोठी पातेली भात तसाच उरला. स्वयंपाकाच्या बाई मला एक अक्षर बोलल्या नाहीत. सकाळी त्यांनी एक पातेलं उचलून माझ्या टेबलाशेजारी ठेवलं, झाकण काढलं आणि निघून गेल्या. आंबलेल्या भाताच्या त्या वासात मी दिवसभर हिशेब लिहीत बसले. त्यानंतर मी कधीही वही बघून तांदूळ काढला नाही. आधी जिन्यात उभी राहून विचारायची.

तुमच्या लेकीलाही विचारू द्या. बाबा उशिरा येणार आहेत का? आजोबांना रात्री कमी लागतं का? कोणाला काय चालत नाही? मग तिने घरातले डबे आणि फ्रिज उघडून बघायचं. ही पायरी मोठी माणसंही गाळतात, आणि घरात दोन किलो कांदे असताना आणखी एक किलो घेऊन येतात.

त्यानंतर पैसे. आकडे सोपे जावेत म्हणून पाकिटातली रक्कम १०० धरू. तुमच्या चलनात आणि तुमच्या ऐपतीप्रमाणे ती कितीही असो. त्यातले ८ तेल, मीठ, मसाला आणि इंधन यांचे म्हणून आधीच बाजूला काढायचे आणि घरखर्चाच्या डब्यात टाकायचे. घरातलं तेल फुकट असतं, असं प्रत्येक मुलाला वाटतं. आठ हा काही अचूक आकडा नव्हे, पण तो नुसता कापला गेला तरी डोळे उघडतात. आणखी १० अडीअडचणीचे. उरले ८२.

या ८२ मध्ये तिने असं लिहिलं समजा: तांदूळ १४, अंडी २०, कांदे-टोमॅटो १६, मटार १८, फळं १२. झाले ८०, हातात २. आणि आइसक्रीमचा मोठा डबा ३० ला. आता खरी गंमत सुरू होते. मटार आणि फळं दोन्ही काढली, तर बरोबर ३० सुटतात. छोटा डबा २४ ला असेल, तर फळं काढून, अडीअडचणीचे १० आणि हातातले २ घालून तो बसतो. पण मग वाटेत अंडं फुटलं तर? यातलं काय बरोबर ते मी सांगणार नाही, तुम्हीही सांगू नका. तुमची एखादी अट असेल, तर ती यादी करण्याआधी सांगायची. माझी असायची, ताटात एक तरी भाजी दिसलीच पाहिजे. यादी झाल्यावर नवी अट घालणं म्हणजे खेळ सुरू झाल्यावर नियम बदलणं, आणि मुलं ते विसरत नाहीत.

एका गोष्टीत मात्र तिला मदत करा. कच्चं किती आणि शिजलेलं किती, हे तिला माहीत असणार नाही. एका माणसाला ७० ग्रॅम कोरडा तांदूळ धरला, तर पाच जणांना ३५० ग्रॅम, आणि शिजल्यावर त्याचं वजन अडीच ते तीन पट होतं. म्हणजे जवळजवळ किलोभर भात. मटार याच्या उलट. किलोभर शेंगा सोलल्या, तर दाणे निम्म्याहून कमी निघतात. शेंगा स्वस्त दिसतात म्हणून तिने घेतल्या, तर घेऊ द्या. घरी आल्यावर दाणे आणि टरफलं वेगवेगळी तोलायला सांगा आणि मोजलेले पैसे फक्त दाण्यांच्या वजनाने भागायला सांगा. केळ्याच्या वजनातला साधारण तिसरा हिस्सा सालीचाच असतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. एका संध्याकाळी काम संपल्यावर मी तराजू घेऊन बसले आणि उगाच तोलून पाहिलं. असला उद्योग मुलांना फार आवडतो.

तुम्ही फोनवरून पैसे देत असाल, तर पाकीट नुसतं नावाला उरतं. आमच्या घरी शिवणाच्या डब्यातली बटणं आहेत. शंभर बटणं टेबलावर ओतायची, आणि एकेक जिन्नस लिहिला की तेवढी बटणं परत डब्यात टाकायची. माझ्या धाकट्या भाचीने आइसक्रीमसाठी तीस बटणं एकदम ओंजळीत उचलली, उरलेल्या ढिगाकडे बघितलं आणि ओंजळ हळूच परत रिकामी केली. कोणी काही बोललं नव्हतं.

राहिला तुमच्या यजमानांचा प्रश्न. तो मी हसण्यावारी नेत नाही. पंधरा वर्षांच्या मुलांना पैशांचं किती कळतं, हेही ‘पिसा’ नावाच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत तपासतात. तिच्या २०२२ च्या फेरीत भाग घेतलेल्या ओईसीडी देशांतली (ही मुख्यतः श्रीमंत देशांची संघटना) सरासरी १८ टक्के मुलं अगदी प्राथमिक पातळीपर्यंतही पोचली नाहीत. ही पाचातली एक मुलं सगळी बिनडोक असतील का? त्यांच्यातल्या कितीतरी जणांच्या हातात कधी असं पाकीटच आलं नसेल, असा माझा अंदाज. यजमानांना म्हणावं, पुढच्या खेपेला लेकीबरोबर तुम्ही जा. पण स्वतःचं पाकीट घरी ठेवून.

माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. मोठ्या बहिणीचं बघून त्यालाही जेवणाचा बेत करायचा असतो. पण त्याला दोन बाटल्या दाखवल्या की तो नेहमी उंच असेल तीच उचलतो. “यात जास्त आहे” म्हणून हट्ट धरतो. दोन्हींत तेवढंच आहे, हे कितीही समजावलं तरी पटत नाही. त्याला गणित जड जाणार आहे का? — एक बाबा

नाही हो. तो सहा वर्षांचा आहे, एवढाच याचा अर्थ. झाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने मुलांसमोर अगदी हेच केलं होतं. दोन सारख्या पेल्यांत सारखं पाणी, मग त्यातलं एक उंच आणि अरुंद भांड्यात ओतायचं. लहान मुलं छातीठोक सांगतात की उंच भांड्यात पाणी जास्त आहे, आणि ओतताना त्यांनी स्वतः पाहिलेलं असतं! सातव्या वर्षाच्या आगेमागे ही समजूत आपोआप जाते. नुसतं समजावून ती आधी घालवणं सहसा जमत नाही, त्यामुळे तुमचा घसा वाचवा. बाटल्या बनवणाऱ्यांना ही गोष्ट आपल्यापेक्षा आधीपासून ठाऊक आहे, असं मला नेहमी वाटतं.

तोवर त्याला दुसरं काम द्या. ताटं किती लागणार ते त्याने मोजावं. यादीत चित्रं काढावीत आणि वस्तू पिशवीत पडली की चित्रावर काट मारावी. आणि एक निवड पूर्णपणे त्याची असावी: एवढ्या पैशांत सफरचंदं येतात किंवा संत्री, दोन्ही नाही. कुठलं? या वयात ‘किंवा’ हा शब्द कळला तरी पुष्कळ झालं. घरी आल्यावर दोन्ही बाटल्यांतलं एकेका सारख्या पातेल्यात ओतून दाखवायचं असेल, तर दाखवा. तो आ वासून बघेल आणि पुढच्या वेळी पुन्हा उंच बाटलीच उचलेल.

ताई, हे पत्र छापलंत तर माझी काही ओळख देऊ नका. चार महिन्यांपूर्वी माझं काम सुटलं. आता घरात एकच मिळकत आहे. अकरा वर्षांच्या मुलीला सगळं कळावं म्हणून मी तिला जेवणाच्या बेतात घेतलं, आकडे मोकळेपणाने सांगितले. दोन आठवड्यांपासून ती ताटावर बसली की “मला फार भूक नाही” म्हणते आणि थोडंसंच वाढून घेते. काल तिने तिच्या वाटचं अंडं गुपचूप धाकट्या भावाच्या ताटात सरकवलं. मी चूक केली का?

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि मग उठून पाणी प्यायले.

आकडे सांगितलेत ती चूक नव्हे. घरात पैशांची ओढाताण असते तेव्हा मुलांना ती बंद दारातूनही ऐकू येते, आणि अर्धवट ऐकलेलं जास्त घाबरवतं. पण तुम्ही तिला सगळ्या घराचा आकडा दिलात. अकरा वर्षांच्या मुलीला घराचं भाडं कमी करता येत नाही, कर्जाचा हप्ता पुढे ढकलता येत नाही. तिच्या हातात होती ती एकच गोष्ट तिने कमी केली, स्वतःचा घास.

आज रात्रीच तिला शेजारी बसवून दोन गोष्टी सांगा. पहिली, पोटभर जेवण हे बजेटमध्ये नाही. ते आधीच बाजूला काढून ठेवलेलं आहे. कोणी किती खायचं यावर या घरात वाचवायचं नाही. वाचवायचं ते काय आणायचं यावर. दुसरी, घराची काळजी करायला आई-बाबा आहेत, तुझ्याकडे फक्त एका जेवणाचं पाकीट आहे. आणि खरंच तेवढंच द्या. घराचा आकडा परत घ्या.

शब्द जपून वापरा. आपल्या तोंडी पटकन “परवडत नाही” येतं. त्याच्या जागी “आज त्यासाठी पैसे ठेवलेले नाहीत” म्हणून बघा. पहिलं ऐकून मूल घराकडे बघतं, दुसरं ऐकून यादीकडे.

तुमच्या मनात अपराधी भाव आहे असं पत्रातून जाणवलं, म्हणून एक जुनी गोष्ट सांगते. एर्न्स्ट एंगेल नावाच्या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ मध्ये कुटुंबांचे खर्च तपासून मांडलं, की मिळकत जितकी कमी, तितका तिच्यातला मोठा हिस्सा खाण्यावर जातो. अर्थशास्त्रात तो आजही एंगेलचा नियम म्हणून शिकवतात. म्हणजे मिळकत घटल्यावर सगळे पैसे स्वयंपाकघरातच जाताहेत असं दिसलं, तर तुम्ही उधळपट्टी करताय असं नाही. आकडे कुणाच्याही घरी असेच वागतात.

आणि कमी पैशांत चांगला बेत करायचा तर कडधान्यांकडे वळा, तेही तिलाच करू द्या. भिजवून शिजवली की वजन दुपटीच्या पुढे जातं. रात्री मूठभर वाटणारं सकाळी टम्म फुगून भांडं भरलेलं तिला दिसू दे. वाढायचं काम आठवडाभर तुमच्याकडे घ्या. ताटात किती पडतं यावर तिची नजर आहे, ती आधी सुटली पाहिजे. एवढं करूनही ती जेवेना, तर मात्र वाट बघत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

काही छोट्या प्रश्नांना छोटी उत्तरं.

*वाचलेले पैसे मुलाला ठेवू द्यावेत का?* द्यावेत, पण सगळे नकोत, आणि किती ते आधी ठरवून. माझ्या एका भाच्याला मी सगळे कबूल केले होते. त्याने सहा जणांच्या जेवणात तीन अंडी आणली, सुरीने बरोबर मधोमध कापली आणि प्रत्येकाला अर्धं वाढलं. कापाकाप सुबक होती, हे कबूल केलं पाहिजे. त्यानंतर आमच्याकडे वाचलेल्यातला चौथा हिस्सा त्याचा, बाकी पुढच्या बेताच्या पाकिटात. ताटावरून कोणी उपाशी उठलं, तर तो चौथा हिस्साही नाही.

*मोठं पाकीट नेहमी स्वस्त पडतं ना?* नेहमी नाही, म्हणून मुलाला १०० ग्रॅमचा भाव काढायला लावा. ४०० ग्रॅमचं ३६ ला म्हणजे १०० ग्रॅमला ९. ७५० ग्रॅमचं ६० ला म्हणजे ८. मोठं स्वस्त ठरलं. पण आज लागणार ३०० ग्रॅम आणि यादीत त्यासाठी ठेवलेत ४०. मग स्वस्त असूनही ते आज परवडत नाही. इथे माझी एक पळवाट आहे: मोठं पाकीट घरखर्चातून घ्यायचं आणि मुलाने त्यातलं लागेल तेवढं ‘घराकडून विकत’ घ्यायचं, ३०० ग्रॅमचे २४ मोजून. घराशी असा व्यवहार करायला मुलांना मोठी ऐट वाटते.

*फोनवर हिशेबाचं ॲप वापरावं की वही?* वही. खोडलेलं दिसतं.

*उरलेल्या अन्नाचं काय?* ते पुढच्या बेतात जमेच्या बाजूला लिहायचं. मात्र शिजलेलं अन्न दोन तासांहून जास्त वेळ बाहेर ठेवू नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ते वेळेत फ्रिजमध्ये गेलं तरच जमा, नाहीतर नावे. आमच्या त्या पातेल्यातला भात नावेच पडला होता.

आजी, मी चौदा वर्षांचा आहे. आईने मला जेवणाचं पाकीट दिलं आणि मी सगळ्यात कमी पैशांत बेत करून दाखवला. पाच जणांचं जेवण, खर्च फक्त ६० (तुमच्यासारखे १०० धरले तर). सगळ्यात स्वस्त भाज्या घेऊन सूप केलं. कांदा परतला नाही, तेल वाचलं. पाव कालचा, कारण तो स्वस्तात मिळाला. पण फक्त मी आणि बाबांनी संपवलं. बाकीच्यांनी दोन चमचे घेऊन सोडून दिलं. ताई म्हणाली की हे पाणी आहे. मी ४० वाचवले, तरी कोणी कौतुक केलं नाही. हे बरोबर आहे का?

बाबांनी संपवलं? त्यांना माझा नमस्कार सांग.

तुझी वही काढ आणि माझ्याबरोबर एक भागाकार कर. तू ६० ला पाच ताटं, म्हणजे १२ ला एक ताट असा हिशेब केला असशील. मी वसतिगृहात तसा करत नसे. मी खाल्ली गेलेली ताटं मोजायची. तुझी खाल्ली गेली दोन. ६० भागिले २, म्हणजे ताट पडलं ३० ला. आता समज तू ९० खर्च केले असतेस आणि पाचही ताटं चाटूनपुसून संपली असती, तर ताट पडलं असतं १८ ला. महाग जेवण कुठलं झालं ते तूच सांग. शिवाय त्या तिघांनी रात्री नंतर काय खाल्लं, तेही तुझ्या खर्चात धरायला हवं. काहीतरी खाल्लं असणारच.

या चुकीत तू एकटा नाहीस. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये एक अहवाल काढला. त्यातल्या अंदाजाप्रमाणे २०२२ या एका वर्षात जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं ६० टक्के घराघरांतून गेलं, हॉटेलांतून किंवा दुकानांतून नव्हे. नुसत्या घरांतून माणशी ७९ किलो. यात साली आणि हाडंही धरली आहेत, तरी आकडा लहान नाही. तुझं तीन वाट्या सूपही त्यातच.

उलटी चूकही असते बरं का. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, म्हणजे मूळ जिनसापेक्षा वरचा थाट महाग. तुझी ताई बेत करेल तेव्हा ती हीच चूक करेल, असा माझा अंदाज आहे. तिला आधी सांगू नकोस.

आता कांद्याचं. सूप पाणी लागलं ते भाज्या स्वस्त होत्या म्हणून नव्हे. स्वस्त भाज्यांचं सूप उत्तम होतं, आम्ही वर्षानुवर्षं केलं. तू कांदा परतला नाहीस तिथे गाडी घसरली. कांदा तेलात मंद आचेवर ठेवला, की त्यातलं पाणी उडतं, साखर राहते, रंग धरतो आणि वास घरभर जातो. त्याला दोन चमचे तेल आणि पंधरा-वीस मिनिटं लागतात. तू वाचवलेल्या ४० मधले फार तर २ त्यात गेले असते. सगळ्या यादीत वाचवू नये अशी एखादीच जागा असते, आणि ती कोणती हे कागदावर कळत नाही. चुलीपाशी उभं राहून कळतं.

म्हणून पुढच्या खेपेला असं कर. तोच बेत, त्याच भाज्या. वाचलेल्या ४० मधले १५ वापरायची मी तुला परवानगी देते, आईला दाखव हे पत्र. त्यात तेल घे, दोन कांदे जास्त घे आणि ताजा पाव घे. जेवण झाल्यावर किती ताटं रिकामी झाली ते मोज आणि नवा भागाकार मला लिहून पाठव. ताई काय म्हणाली तेही लिही, जसंच्या तसं.